मारियो गॅलरी, तोर्डा: मुलांना चित्रकार कळावा म्हणून पाहण्याजोगे दुकान

गोव्याहून परतणाऱ्या पर्यटकांच्या सामानात काजूच्या पाकिटांबरोबर व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांचे चित्र असलेली एखादी वस्तू बहुधा असतेच. चहाचा मग, फ्रिजला चिकटवायचे चुंबक, कापडी पिशवी किंवा टी-शर्ट यांवरची ती टपोऱ्या डोळ्यांची माणसे, ठिपक्यांच्या झग्यातल्या बायका आणि सगळ्यांच्या पायांत घुटमळणारी कुत्री आता गोव्याची खूणच होऊन बसली आहेत. मुलांनाही ती ओळखीची असतात. मात्र ही चित्रे कोणी काढली, तो माणूस कुठे वाढला, चित्रे काढून पोट भरायचे हे त्याने कसे ठरवले, असे विचारले तर त्यांच्याकडे आणि पुष्कळदा त्यांच्या आईवडिलांकडेही उत्तर नसते. गोव्यातल्या मारियो गॅलरीकडे मी या दृष्टीने पाहिले. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलाला एका लोकप्रिय चित्रकाराचे आयुष्य आणि काम या दुकानातून कितपत कळू शकते, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: पुष्कळ कळू शकते, पण त्यासाठी दुकान उलट्या क्रमाने पाहावे लागते, कारण तिथे हातोहात खपणाऱ्या वस्तू मारियोंविषयी सर्वांत कमी सांगतात आणि सर्वांत जास्त सांगणाऱ्या वस्तूंकडे घाईतल्या गिऱ्हाइकाचे लक्ष जात नाही.

वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांच्या पुढाकाराने मारियोंची विखुरलेली चित्रे गोळा करण्याचे, छापण्याचे आणि विकण्याचे काम सुरू झाले आणि त्यातून ही गॅलरी उभी राहिली. पणजी, कळंगुट अशा पर्यटकांच्या वाटेवरही तिची दुकाने आहेत. तरीही मुलांना न्यायचे असेल तर मी उत्तर गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या तोर्ड्याचीच शिफारस करीन. पणजीहून मांडवी ओलांडून पर्वरीला यावे आणि तिथून आत साल्वादोर दु मुंदच्या रस्त्याला लागावे. रस्त्यांच्या बेचक्यात, जमिनीच्या त्रिकोणी तुकड्यावर, जहाजासारखी दिसणारी एक इमारत उभी आहे. ते ‘हाउसेस ऑफ गोवा’ हे गोव्याच्या घरांचे संग्रहालय, तेही दा कुन्हा यांनीच उभारलेले. गॅलरी त्याच्या शेजारीच आहे. खरेदीच्या गर्दीपासून दूर असल्यामुळे इथे मुलांना एका चित्रासमोर हवे तितके रेंगाळता येते. आमच्या मागेही कोणी घाई लावली नाही.

संग्रहालय आधी पाहावे. त्यात मारियोंचे काही शोधायला जायचे नाही, तर त्यांच्या चित्रांत पुढे जे दिसणार आहे ते खऱ्या लाकडादगडात पाहून ठेवायचे आहे. जुन्या गोव्याच्या घरांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने असत. चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या कापून लाकडी चौकटीत बसवल्या की उजेड आत येतो, पण ऊन लागत नाही आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही. घराच्या पुढच्या दारी बाल्कांव असते, म्हणजे पायऱ्या चढून वर आल्यावर दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे असलेला छपराचा सोपा. तिथे संध्याकाळी बसायचे आणि रस्त्याने जाणाऱ्यायेणाऱ्याची खबरबात घ्यायची. लोखंडी कठड्यांची नक्षी, कौलांच्या उतरत्या ओळी, दारांवरच्या कमानी हे सारे इथे हाताच्या अंतरावर पाहता येते. त्यानंतर गॅलरीत येऊन मारियोंचे खेडेगावाचे एखादे मोठे चित्र पाहिले, तर मूल आपण होऊन बोट ठेवते: ही शिंपल्यांची खिडकी, हा बाल्कांव, हा कठडा. मारियो विनोदासाठी माणसांची नाके वाकडी करीत, पण खिडक्या मात्र जशा असायच्या तशाच काढीत, ही गोष्ट मला स्वतःलाही या क्रमाने पाहिल्यावरच नीट जाणवली.

गॅलरीत शिरल्यावर भिंतींवरच्या आणि टेबलांवरच्या रंगीत वस्तू खुणावू लागतात. त्यांना थोडे थांबवून पुस्तकांच्या फळीकडे वळावे. मारियोंच्या रोजनिशीची तीन पुस्तके प्रसिद्ध झाली आहेत: ‘द लाइफ ऑफ मारियो’ या एकाच नावाची आणि १९४९, १९५० व १९५१ या तीन वर्षांची. माझ्या मते या दुकानात मुलांसाठी याहून मोलाची दुसरी वस्तू नाही. चित्रकारांची चरित्रे बहुधा त्यांच्या मोठेपणापासून मागे मागे जात लिहिलेली असतात, त्यामुळे लहानपणीच्या प्रत्येक गोष्टीत पुढच्या कीर्तीची चाहूल शोधली जाते. इथे तसे काही होत नाही. ही रोजनिशी लिहिणाऱ्या तेविशी-पंचविशीतल्या तरुणाला आपण पुढे कोण होणार याचा पत्ता नाही. तो आज काय घडले ते काढतो आणि उद्याचे पान उद्यावर सोडतो.

या रोजनिशीचा उगम मुलांना सांगण्यासारखा आहे. मारियो जोआंव कार्लोस दु रोझारियु द ब्रितु मिरांडा, एवढे लांबलचक नाव असलेला हा मुलगा २ मे १९२६ रोजी दमणमध्ये जन्मला. दमण आणि गोवा दोन्ही तेव्हा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होते. मिरांडा कुटुंबाचे मूळ घर दक्षिण गोव्यात, सासष्टी तालुक्यातल्या लोटली गावात. मुलगा घराच्या भिंती रंगवू लागला, तेव्हा आईने त्याला कोरी वही आणून दिली आणि तो तिला आपली डायरी म्हणू लागला. भिंत वाचवण्यासाठी आणलेल्या त्या वहीतून पुढे रोज एक चित्र काढण्याची सवय लागली. गावच्या पाद्र्यांची व्यंगचित्रे काढल्यामुळे शाळेत तो अडचणीतही आला. चित्रे काढण्यावरून बोलणी खाणाऱ्या कोणत्याही मुलाला हा भाग आवडेल, आणि पालकांनी तो गाळू नये असे मला वाटते.

पुढचा रस्ताही सरळ नव्हता. बंगळुरूच्या सेंट जोसेफ्स बॉइज हायस्कूलमध्ये शिक्षण झाले, मग मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून इतिहासाची पदवी, डोळ्यांसमोर सरकारी सेवेची परीक्षा. नंतर आईवडिलांच्या इच्छेवरून वास्तुकलेचा अभ्यास सुरू केला, पण त्यात मन रमले नाही. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. मित्रांना हाताने चित्रे काढलेली पोस्टकार्डे करून द्यायची आणि त्याचे थोडे पैसे घ्यायचे, ही त्यांची पहिली कमाई. रोजनिशीतली ही तीन वर्षे अशा अधांतरी काळातली आहेत. गावचे फेस्त म्हणजे चर्चचा उत्सव, लग्ने, चर्चमधली गर्दी, पाहुणे, नाच, प्रवास, दुपारची सुस्ती असे सारे तिच्यात येते, आणि या साऱ्यातून एक तरुण काहीही ठरलेले नसताना रोज न चुकता हात चालवत राहतो. शाळकरी वाचकाला यातून मारियो जितके कळतात तितके ते जन्म-शिक्षण-पुरस्कार अशा क्रमाने लिहिलेल्या कोणत्याही टिपणातून कळणार नाहीत.

रोजनिशी मुलांच्या हातात कशी द्यावी याविषयी थोडे सांगतो. पुस्तके इंग्रजीत आहेत आणि गोष्टीसारखी सलग वाचायला घेतली तर कंटाळा येण्याचा संभव आहे, कारण माणसे ओळख करून न देता येतात आणि जातात. त्याऐवजी मुलाने आपल्या वाढदिवसाच्या तारखेचे पान उघडावे, मग त्याच्या आसपासची पाने पाहावीत. पानावर मजकूर थोडा आणि चित्र बोलके असल्याने मराठी माध्यमातल्या पाचवी-सहावीच्या मुलालाही मोठ्यांच्या थोड्या मदतीने ते उलगडते. माझ्या भाचीने १९५० सालच्या पुस्तकात पावसाळ्याचे महिने आधी गाठले, आणि ‘यात रोज काही घडतच नाही, तरी चित्र आहे’ असे जरा तक्रारीच्या सुरात सांगितले. मला ते या पुस्तकाचे उत्तम परीक्षण वाटले. तिन्ही खंडांतला एकच घ्यायचा असेल तर मी १९५१ चा घेईन. तोवर रेषेला अधिक आत्मविश्वास आलेला दिसतो. दोन खंड घेणे परवडत असेल तर १९४९ आणि १९५१ शेजारी ठेवून सरावाने रेषा कशी बदलते ते मुलाला दाखवता येईल.

रोजनिशीनंतर मोठ्या छापील चित्रांकडे यावे. ती चौकटीसह आणि चौकटीविना, लहानमोठ्या आकारांत मिळतात. इथे आकाराचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मारियोंचे गर्दीचे चित्र म्हणजे पन्नासेक माणसांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केल्यासारखे असते. लहान आकारात त्याचा नुसता गलका उरतो आणि मोठ्या आकारात प्रत्येकाचे बोलणे वेगळे ऐकू येते. बाजारात नुस्तेकान्न, म्हणजे मासेवाली, आपल्या टोपलीपाशी बसलेली असते, पोदेर सायकलवरून पाव घेऊन निघालेला असतो, तावेर्नात पेल्यावर पेला रिचवणारे बसलेले असतात, पाद्री झग्याचा घोळ सावरत चाललेला असतो, बँडवाल्यांतला एकजण भलतीकडेच पाहत असतो आणि या सगळ्यांच्या वर कुणाच्या तरी खिडकीतून एक म्हातारी खालचा प्रकार निरखत असते. मुलांना गुंतवायचे असेल तर ‘चित्रात कुत्री किती?’ एवढा एकच प्रश्न पुरे. उत्तर मिळेपर्यंत मुलाने चित्राचा प्रत्येक कोपरा पाहिलेला असतो. मारियोंना कुत्र्यांचे भारी प्रेम, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर शून्य क्वचितच येते.

चित्र काढणाऱ्या मुलांनी इथे आणखी एक गोष्ट पाहावी. मारियोंच्या काळ्यापांढऱ्या चित्रांत हळूहळू गडद होत जाणारी छटा फारशी नसते. उजेड आणि सावली, जवळचे आणि लांबचे हे सगळे ते नक्षीने दाखवतात. एका झग्यावर ठिपके, दुसऱ्यावर चौकडी, जमिनीवर फरशीची नक्षी, छपरावर कौलांच्या ओळी, माडाच्या झावळ्यांच्या बारीक रेघा, आणि मध्येच पाद्र्याच्या झग्याचा किंवा एखाद्या केशसंभाराचा संपूर्ण काळा डाग. शेजारी शेजारी आलेल्या दोन वस्तूंना एकच नक्षी नसते, म्हणून इतक्या दाटीतही माणसे एकमेकांत मिसळून जात नाहीत. दौत, टाक आणि कागद एवढ्यावर हे होते. रंगपेटी जुनी झाली म्हणून हटून बसलेल्या मुलाला हे चित्र दहा मिनिटे पाहायला लावावे. रंगीत छापील चित्रेही इथे पुष्कळ आहेत आणि ती अधिक खपत असावीत, पण माझा कल स्पष्टपणे काळ्यापांढऱ्याकडे आहे. रंग आला की डोळा रंगावर ठरतो आणि नक्षीचा हा खेळ मागे पडतो.

आता चहाचे मग, चुंबके, पिशव्या आणि टी-शर्ट. त्यांच्याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण मारियोंची चित्रे वर्तमानपत्रे आणि मासिके यांतून घरोघर जाण्यासाठीच काढलेली होती आणि स्वस्त वस्तूंवरून ती आजही घरोघर जातात. फक्त या वस्तूंवर मारियोंचे कोणते चित्र शोभते याचा विचार करावा. मगावर गर्दीचे चित्र असेल तर ते वळसा घेऊन मागे जाते आणि एकदम पूर्ण कधीच दिसत नाही. चुंबकावर दहा माणसे असतील तर ती दहा ठिपके होतात. या वस्तूंवर एकच माणूस किंवा एक जोडी असलेले चित्र घ्यावे, मग ते छान दिसते.

चिनी मातीच्या फरश्या मात्र मी या यादीतून बाहेर काढतो. पोर्तुगीज जगात भिंतींवर चित्रांच्या फरश्या बसवण्याची परंपरा जुनी आहे आणि पणजीत हिंडताना घरांच्या नावांच्या निळ्यापांढऱ्या फरश्या मुलांनी पाहिलेल्या असतातच. मारियोंची ठाम काळी बाह्यरेषा आणि सपाट रंग त्या चकचकीत चौकोनावर असे बसतात की जणू त्यासाठीच काढले असावेत. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाजवळ लावायला एक फरशी घ्यावी. तीत चित्रही पूर्ण राहते आणि गोव्याची एक जुनी कलाही घरी येते.

मारियोंच्या गोव्याखेरीज त्यांचे दुसरे एक जग होते, ते मुंबईचे. जाहिरातींच्या एका स्टुडिओत चार वर्षे काम केल्यावर त्यांना पहिली मोठी संधी ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ने दिली, मग ‘करंट’ आणि पुढे टाइम्स समूह. ‘फेमिना’, ‘इकॉनॉमिक टाइम्स’ आणि ‘वीकली’ यांतून त्यांची ठरलेली पात्रे वर्षानुवर्षे वाचकांना भेटत राहिली: सिनेतारका मिस निंबुपाणी, कचेरीतली मिस फोन्सेका, मंत्री बंडलदास, गोडबोले. मुलांना यांतले बंडलदास लगेच आवडतात, कारण पुढारी अजून तसेच दिसतात. कचेरीतल्या विनोदांच्या बाबतीत मात्र पालकांनी सावध असावे असे मला प्रामाणिकपणे वाटते. तोकड्या कपड्यांतली टंकलेखिका आणि तिच्याकडे टक लावून पाहणारा साहेब हा विनोद त्या काळच्या मासिकांना चालत होता. आज तेरा वर्षांच्या मुलीला तो खटकेल आणि खटकावाही. ती चित्रे लपवून ठेवण्याची गरज नाही. थोर चित्रकारही आपल्या काळाच्या सवयींतून पूर्ण सुटत नाही, हे मुलांशी बोलायला ती उपयोगी पडतात. लहान मुलांसाठी खरेदी करताना मात्र गोव्याची चित्रे आधी निवडावीत.

महाराष्ट्रातल्या पालकांना या दुकानात एक वेगळा धक्का बसण्याची शक्यता आहे. बालभारतीच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांत मारियोंची चित्रे होती. खेडोपाडी जिथे ‘वीकली’ कधी पोचला नाही, तिथल्या मुलांनीही पाचवीत पहिल्यांदा इंग्रजी वाक्ये वाचताना ही टपोऱ्या डोळ्यांची माणसे पाहिली, फक्त त्यांना चित्रकाराचे नाव ठाऊक नव्हते. शि. द. फडणीस यांची चित्रे गणिताच्या पुस्तकांत आणि मारियोंची इंग्रजीच्या पुस्तकांत, अशी श्रीमंती सरकारी पाठ्यपुस्तकांच्या वाट्याला एकेकाळी आली होती, हे आजच्या पाठ्यपुस्तकांची पाने उलटताना आठवल्याशिवाय राहत नाही. मुलांच्या गोष्टींसाठीही मारियोंनी काम केले. उमा आनंद यांच्या बालकथांना त्यांची चित्रे आहेत. त्यामुळे ‘हे मोठ्यांचे व्यंगचित्रकार’ असे समजून मुलांना त्यांच्यापासून लांब ठेवण्याचे काही कारण नाही.

परदेशांचा भाग मी मुलांना थोडक्यात सांगितला आणि तो तेवढाच पुरतो. गुल्बेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर मारियो पोर्तुगालला गेले, वर्षभराने तिथून लंडनला, आणि मिळेल ते काम करीत, चित्रे काढीत पाच वर्षे राहिले. ‘लिलिपुट’ आणि ‘पंच’ यांसारख्या मासिकांत त्यांची चित्रे आली. १९७४ मध्ये ते अमेरिकेला गेले, तेव्हा स्नूपी आणि चार्ली ब्राउन यांचे जनक चार्ल्स शुल्झ यांना भेटले. हा तपशील मात्र गाळू नये, कारण मुलांचे डोळे इथे हटकून चमकतात. जर्मनीच्या हिवाळ्याची आणि पॅरिसची त्यांची रेखाटने पुस्तकरूपाने निघाली. गॅलरीत प्रवासातली ही चित्रे छापील रूपात पाहायला मिळाली तर गोव्याच्या चित्रांशेजारी ती जरूर पाहावीत. बर्फातली माणसेही तितकीच कुतूहलाने काढलेली आहेत, मात्र सासष्टीतल्या म्हातारीची जी नस त्यांना ठाऊक होती ती पॅरिसच्या म्हातारीची नव्हती, असे माझे मत झाले. पद्मश्री १९८८ मध्ये, पद्मभूषण २००२ मध्ये आणि निधनानंतर २०१२ मध्ये पद्मविभूषण, एवढे सांगितले की मानसन्मानांचा विषय संपवता येतो.

पुस्तकांच्या फळीवर दा कुन्हा यांनी सिद्ध केलेला ‘मारियो द मिरांडा’ हा मोठा ग्रंथही आहे. आयुष्यभराचे काम त्यात एकत्र पाहायला मिळते आणि छपाई देखणी आहे. परंतु तो जड आहे, महाग आहे आणि दहा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन वाचता येणारा नाही. घरासाठी घेण्याऐवजी शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयाने तो घ्यावा आणि काचेच्या कपाटात कुलूप लावून न ठेवता मुलांना टेबलावर उघडून द्यावा. मुलांसाठी मारियोंचे एक सुटसुटीत मराठी चरित्र लिहिले जावे, आणि त्यात लोटलीच्या घराइतकीच जागा बालभारतीच्या त्या पुस्तकांनाही मिळावी, अशी माझी इच्छा आहे. गोव्यातला कोणी मराठी लेखक ते अधिक चांगले करू शकेल.

नकलांविषयी दोन शब्द. समुद्रकिनाऱ्याजवळच्या एका दुकानात मला मारियोंच्या धाटणीची चित्रे असलेल्या पिशव्या दिसल्या होत्या. डोळे तसेच टपोरे, झगेही ठिपक्यांचे, पण सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला आणि कोणाच्याही चेहऱ्यावर काही चाललेले नाही. सहीही नव्हती. मुलांना खरे आणि नकली यांतला फरक दाखवायला ती पिशवी उपयोगी पडली, विकत मात्र घेतली नाही. मारियोंच्या चित्रात एका कोपऱ्यात ‘मारियो’ अशी सही असते. ती शोधणे हा मुलांचा आणखी एक खेळ होतो आणि चित्रावर चित्रकाराचा हक्क असतो हे त्याबरोबर सांगून होते.

काही व्यावहारिक गोष्टी. तोर्डा पणजीपासून लांब नाही, तरी आतल्या रस्त्यावर आहे. स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन असलेले बरे. संग्रहालय आणि गॅलरी यांना मिळून अर्धा दिवस द्यावा आणि त्या दिवसाच्या वेळा निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्याव्यात. मुले थकण्यापूर्वी पुस्तके आणि मोठी चित्रे, मग फरश्या, आणि परत निघताना मग-चुंबकांचे टेबल, हा क्रम पाळावा. उलट केले तर मुलांचे पैसेही चुंबकांत संपतात आणि उत्साहही. मोठे चित्र चौकटीविना घेऊन गुंडाळी करून नळकांड्यात घालून आणले तर रेल्वेच्या गर्दीतही सुखरूप येते आणि चौकट आपल्या गावी करून घेता येते.

लोटलीचे मिरांडांचे तीनशेहून अधिक वर्षांचे घर पाहण्याची इच्छा मुलांना होणारच, विशेषतः श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ हा १९८५ चा चित्रपट तिथे चित्रित झाला हे कळल्यावर. मारियो आयुष्याच्या उत्तरार्धात तिथेच परतले आणि ११ डिसेंबर २०११ रोजी तिथेच वारले. पण ते खाजगी घर आहे. रस्त्यावरून पाहावे, फाटक ढकलू नये. गोव्याला जाणे जमत नसेल तर मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती आहेत. त्या इराणी हॉटेलच्या भिंतींवर मारियोंची मुंबई माणसाच्या उंचीएवढी पसरलेली आहे आणि ती पाहायला खाण्याच्या बिलाखेरीज वेगळे पैसे पडत नाहीत. दुपारी उशिरा, गर्दी कमी असताना मुलांना न्यावे, कारण संध्याकाळी ते बीअर पिणाऱ्यांचे ठिकाण असते आणि भिंतीपर्यंत पोचणे अवघड होते.

खर्चाचा प्रश्न उरतो. चौकटीतली मोठी चित्रे आणि ग्रंथ महाग आहेत, बाकीच्या वस्तू पर्यटनस्थळी असतात तशा दराच्या आहेत. एका मुलासाठी दोनच वस्तू घ्यायच्या झाल्या तर १९५१ ची रोजनिशी आणि गावाच्या गर्दीचे एक काळेपांढरे, बिनचौकटीचे, परवडेल तेवढ्या मोठ्या आकाराचे चित्र घ्यावे. एकच घ्यायची असेल तर रोजनिशी, आणि तिच्याबरोबर कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानातून एक कोरी वही.